फ्लशच्या टाकीतला क्षार आणि स्वयंपाकघरातले आम्ल

शौचालयाच्या फ्लश टाकीत मैला कधीच जात नाही. टाकी भांड्याच्या वर असते आणि तिच्यात येते ते नळाचे किंवा बोअरचे पाणी. तरीही वर्षभराने झाकण उघडले, तर आत पांढरट पापुद्रे, तांबूस डाग, तळाशी गाळ आणि बोटाला बुळबुळीत लागणारा थर सापडतो. ही सगळी घाण पाण्यानेच आणलेली असते. म्हणून टाकी कशाने साफ करायची हे ठरवण्यापूर्वी पाणी कुठून येते आणि त्यात काय विरघळलेले असते, हे पाहावे लागते.

उदाहरण म्हणून लिंबागणेश घेऊ. बीड तालुक्यातले हे गाव बालाघाटच्या पठारावर, मांजरसुंबा-पाटोदा रस्त्यावर आहे. भालचंद्र गणपतीचे मंदिर आणि त्याजवळचे चंद्रपुष्करिणी तीर्थ यांमुळे ते दूरवर माहीत आहे. या सगळ्या पठाराखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून वाहिलेल्या लाव्हाच्या थरांचा हा खडक मुळात घट्ट. पाणी मुरते ते त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि वरच्या मुरमात. पाऊस जमिनीतून खाली उतरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि किंचित आंबट होतो. हे आंबट पाणी खडकातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हळूहळू विरघळवते. काळ्या रानातल्या चुनखडीचे खडेही त्यात भर घालतात. पाणी जितके खोल आणि जितका काळ खडकात राहील, तितके ते जड होत जाते. म्हणून उथळ आडाच्या पाण्यापेक्षा चार-पाचशे फुटांच्या बोअरचे पाणी बहुधा जास्त क्षाराचे निघते.

जड पाणी ओळखायला मराठवाड्यातल्या घरांत प्रयोगशाळा लागत नाही. त्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, माठ बाहेरून पांढरा पडतो आणि पाणी तापवायच्या हंड्याच्या तळाशी खपल्या धरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. समजा एखाद्या बोअरचे पाणी ४०० मिलिग्रॅमचे आहे. सहा लिटरच्या एका फ्लशबरोबर जवळपास अडीच ग्रॅम क्षार टाकीतून जातो. घरात दिवसाला वीस वेळा फ्लश ओढला, तर रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास. त्यातला फार थोडा भाग टाकीत चिकटून राहतो, पण तो रोज चिकटतो.

चिकटण्याची क्रिया साधी आहे. जमिनीखाली दाबून राहिलेला कार्बन डायऑक्साइड पाणी टाकीत उघड्यावर आले की निसटतो. तो गेला की विरघळलेला चुना पाण्यात राहू शकत नाही. कॅल्शियम कार्बोनेट होऊन तो भिंतीवर बसतो. पाण्याची पातळी जिथे वर-खाली होते तिथे पाणी सुकतही असते, म्हणून सर्वांत जाड पट्टा तिथेच दिसतो. बॉल कॉकच्या दांडीचा सांधा, पाणी आत सोडणाऱ्या झडपेचे तोंड आणि तळाच्या रबरी वॉशरची बैठक या तीन जागी बसलेला क्षार खरे नुकसान करतो. भिंतीवरचा पांढरेपणा फक्त डोळ्यांना खुपतो; वॉशरखाली अडकलेला ज्वारीएवढा खडा मात्र रात्रंदिवस पाणी गळवतो.

गळतीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. भांड्यात उतरणारी बारीक धार दहा मिनिटांत एक लिटरचा लोटा भरत असेल, तर ती चोवीस तासांत १४४ लिटर पाणी नेते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. म्हणजे एका गळक्या वॉशरवर अडीच माणसांचे पाणी रोज वाया जाते. ज्या जिल्ह्याने टँकरच्या पाण्यावर कित्येक उन्हाळे काढले आहेत, तिथे टाकीची सफाई हे आधी पाणी वाचवण्याचे काम आहे.

ग्रामीण भागात फ्लश टाकी तुलनेने नवी. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात वैयक्तिक शौचालयाला १२,००० रुपयांचे प्रोत्साहन अनुदान मिळू लागले, आणि एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्या अनुदानातली शौचालये बहुतेक डब्याने पाणी टाकायची, तीव्र उताराच्या भांड्याची आणि दोन शोषखड्ड्यांची आहेत. त्यांत दीड-दोन लिटर पाणी पुरते, टाकीची गरजच नसते. पुढे स्लॅबची घरे झाली, छतावर प्लास्टिकच्या टाक्या बसल्या आणि त्यांच्या जोडीने भिंतीवरची फ्लश टाकीही आली. छतावरच्या टाकीत बसलेला गाळ आता थेट या छोट्या टाकीत उतरतो.

टाकीत चार प्रकारची घाण असते आणि चारींवर एकच औषध नाही. घरगुती उपायांचा बहुतेक गोंधळ इथेच होतो. पांढरा कडक थर चुन्याचा असतो. तांबूस किंवा विटकरी डाग लोहाचे: बोअरच्या पाण्यात विरघळलेले लोह हवा लागताच गंजाच्या रूपात बाहेर पडते. बुळबुळीत, कधी गुलाबी तर कधी काळपट थर जिवाणूंचा आणि बुरशीचा. चौथा नुसता मातीचा गाळ. खातरजमा करायची असेल तर लिंबाची फोड थरावर घासावी. बारीक बुडबुडे आले तर तो चुना; बुडबुडे नाहीत आणि रंग विटकरी आहे, तर लोह.

चुना फक्त आम्लाने विरघळतो. कॅल्शियम कार्बोनेटवर आम्ल पडले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि उरलेले कॅल्शियम पाण्यात विरघळणारे होते. घरातल्या आंबट पदार्थांत या कामासाठी सर्वांत सरस किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड. सरबतात आणि फरसाणात वापरली जाणारी ही पांढरी पूड लिंबातूनच काढलेली असते असा समज आहे. १७८४ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ शेले याने ते लिंबाच्या रसातूनच वेगळे केले होते हे खरे; पण १९१७ मध्ये जेम्स करी यांनी एका काळ्या बुरशीकडून साखरेपासून ते बनवून घेण्याची रीत दाखवली, आणि आजचे बहुतेक सायट्रिक ॲसिड त्याच बुरशीचे काम आहे. साखर कारखान्यातली मळीही तिला खाद्य म्हणून चालते. शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व जास्तीत जास्त सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम चुना विरघळवते. एवढेच आम्ल लिंबे पिळून मिळवायचे तर सत्तर-ऐंशी लिंबे लागतील. लिंबे परीक्षेपुरती ठीक. टाकीसाठी पूडच आणावी.

लिंबूसत्त्वाचा दुसरा गुण असा की ते लोहाला पकडून पाण्यात ओढून नेते, त्यामुळे तांबूस डागही बरेच उतरतात. व्हिनेगर यात मागे पडते. बाजारात मिळणाऱ्या व्हिनेगरमध्ये चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिड असते, आणि एक लिटरची पूर्ण बाटली चाळीस ग्रॅमच्या आसपासच चुना विरघळवू शकते. वर उग्र वास. हाताशी असेल तर वापरावे, मुद्दाम आणण्याचे कारण नाही.

चिंच मराठवाड्यात भरपूर, आणि तांब्या-पितळेची भांडी तिने लख्ख होतात. टाकीत मात्र ती उपयोगाची नाही. चिंचेतले टार्टारिक ॲसिड कॅल्शियमशी मिळून जो क्षार बनवते तो पाण्यात विरघळत नाही, थरावर बसून राहतो आणि खालच्या चुन्यापर्यंत आम्ल पोहोचू देत नाही. शिवाय कोळाचे तंतू झडपेत अडकतात. ताकाचेही तसेच: त्यातले आम्ल सौम्य, आणि उरलेल्या दुधाच्या अंशावर जिवाणू वाढून वास सुटतो. मोसंबीच्या साली, गूळ आणि पाणी तीन महिने आंबवून केलेले बायोएन्झाइम हलका थर आणि वास यांवर काम देते; जुन्या खपल्यांसाठी त्याची आंबटपणाची ताकद कमी पडते.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकण्याचा उपाय सर्वांत लोकप्रिय आहे, आणि सर्वांत चुकीचाही. दोन्ही मिसळताच मोठा फेस येतो. तो पाहून घाण निघाली असे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवतात, आणि टाकीत राहते ते जवळजवळ निष्क्रिय खारट पाणी. ज्या आम्लाने चुना विरघळवायचा होता तेच सोड्यावर खर्च होते. सोड्याचे खरे काम वेगळे आहे. ओल्या कापडावर घेऊन घासला तर तो बुळबुळीत थर खरवडतो, प्लास्टिकला ओरखडे पाडत नाही आणि वास मारतो. तो आधी वापरून धुऊन टाकावा आणि मग आम्ल घ्यावे. रिठ्याचे पाणीही बुळबुळीवर चांगले, आणि साबणासारखा जड पाण्यात त्याचा साका होत नाही. चुलीच्या राखेने भांडी निघतात, पण टाकीत तिची खर वॉशरखाली जाते. कडुनिंबाचा पाला आणि तुरटी यांचा चुन्यावर काहीच परिणाम होत नाही. तुरटीची जागा गढूळ पाणी निवळण्यापुरती.

प्रत्यक्ष सफाईची सुरुवात अँगल कॉक बंद करण्यापासून होते. टाकीला पाणी देणाऱ्या पाइपावरचा हा छोटा कॉक वर्षानुवर्षे कुणी फिरवलेला नसतो आणि क्षाराने जाम झालेला असतो. पान्याने जोर लावला तर तो भिंतीतच तुटतो, म्हणून हाताने फिरत नसेल तर छतावरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करणे शहाणपणाचे. मग फ्लश ओढून टाकी रिकामी करावी. तळाशी दोन बोटे पाणी आणि गाळ राहतोच. तो जुन्या सुती कापडाने टिपून घ्यावा, खालच्या भोकातून ढकलू नये. त्यानंतर सोड्याने बुळबुळ घासून पुसून काढावी. थरावर बुळबुळ राहिली तर आम्ल चुन्यापर्यंत जात नाही.

एक लिटर कोमट पाण्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावे. उकळते पाणी घेऊ नये: प्लास्टिक वाकते, आणि गरम, तीव्र द्रावणात कॅल्शियमचा सायट्रेट क्षार पांढऱ्या पुडीसारखा खाली बसतो, म्हणजे एक थर काढून दुसरा चढतो. द्रावणातले थोडे एका वाटीत बाजूला ठेवून बाकीचे टाकीच्या तळाशी ओतावे. भिंतीवरच्या पट्ट्यावर द्रव टिकत नाही. तिथे धोतराच्या किंवा जुन्या साडीच्या चिंध्या द्रावणात भिजवून थेट थरावर चिकटवाव्यात. कान जवळ नेल्यास ऐकू येईल अशी बारीक चरचर सुरू होते. तासाभराने ती थांबते. चुना शिल्लक असूनही चरचर थांबली असेल, तर आम्ल संपले आहे; जोर लावण्याऐवजी नवे द्रावण घ्यावे. चाकूने किंवा छिन्नीने खपल्या काढल्यास प्लास्टिकवर चरे पडतात आणि पुढचा क्षार त्या चऱ्यांत अधिक घट्ट धरतो. मऊ झालेला थर जुन्या टूथब्रशने किंवा नारळाच्या शेंडीने सहज निघतो.

पाणी आत सोडणाऱ्या झडपेच्या तोंडाशी बहुतेक टाक्यांत एक बारीक जाळी असते. ती रवाळ पांढऱ्या कणांनी भरली की टाकी भरायला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि घरची माणसे बॉल कॉक खराब झाला असे समजून नवा आणतात. जाळी काढून वाटीतल्या द्रावणात अर्धा तास ठेवली की मोकळी होते. शेवटी तळाच्या रबरी वॉशरखालून बोट फिरवावे. बैठक गुळगुळीत लागली पाहिजे. खर लागली तर तेवढ्याच जागी पुन्हा ओली चिंधी दाबून ठेवावी. वॉशर स्वतः कडक झाला असेल तर तो धुण्यात अर्थ नाही, बदलावा. वापरलेले आम्लपाणी फेकण्याचेही कारण नाही. फ्लश ओढून ते भांड्यात उतरवावे आणि त्यानेच भांडे घासावे. सगळ्या सफाईला मिळून एक-दोन बादल्या पाणी पुरते.

फरशीकडे लक्ष द्यावे लागते. मराठवाड्यातल्या अनेक घरांत शौचालयात शहाबादी फरशी असते, आणि शहाबादी हा चुनखडकच आहे. ज्या आम्लाने टाकीतला चुना जातो, त्याच आम्लाने फरशीही खाल्ली जाते आणि खरखरीत, फिकट डाग पडतात. सिमेंटच्या सांध्यांचेही तसेच. खाली पोते अंथरावे आणि सांडलेले लगेच पाण्याने धुवावे.

एक चूक मात्र जिवावर बेतू शकते. गावातल्या पाण्यात टाकण्यासाठी जलसुरक्षकाकडे जी टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर असते, ती अनेक घरांत शौचालयासाठीही वापरली जाते. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. तिच्याशी लिंबूसत्त्व, व्हिनेगर किंवा बाटलीतले टॉयलेट क्लीनर, कोणतेही आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि चार बाय तीन फुटांच्या बंद शौचालयात तो फुप्फुसाला इजा करतो. ज्या दिवशी आम्ल वापरले त्या दिवशी ब्लिचिंगची कोणतीही पावडर वापरू नये. फ्लश टाकीत सोडून ठेवायच्या क्लोरीनच्या वड्याही टाळाव्यात. त्यांनी वॉशरचे रबर कडक होते. दुकानातले सुटे ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, चुना झटकन काढते हे खरे, पण ते दांडीचे पितळ आणि बोल्टही तितक्याच झटकन खाते. त्याचा वारंवार मारा शोषखड्ड्यातल्या किंवा सेप्टिक टँकमधल्या, मैला कुजवणाऱ्या जिवाणूंनाही बाधतो. लिंबूसत्त्वाचे पातळ पाणी हे जिवाणू पचवून टाकतात.

टाकी साफ झाल्यावर गळती थांबली का, हे खाण्याच्या रंगाने कळते. भरलेल्या टाकीत जिलेबीचा चिमूटभर रंग टाकावा आणि अर्धा तास फ्लश ओढू नये. भांड्यातले पाणी रंगले, तर वॉशर अजून गळतो आहे. जड पाण्याच्या गावात ही परीक्षा दर दोन-तीन महिन्यांनी आणि आम्लाची सफाई वर्षातून दोनदा पुरते; त्याहून वारंवार करण्याची गरज नाही.

डासांचा प्रश्न मात्र वर्षातून दोनदा पाहून सुटत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि झाकण सैल असलेली, न वापरलेली फ्लश टाकी त्याला पुरते. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो तो यासाठीच. ही अंडी पाण्यात नसतात, पातळीच्या जरा वर ओल्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. खरखरीत क्षाराचा पट्टा नेमका त्याच जागी असतो. नुसते पाणी काढल्याने अंडी जात नाहीत, पट्टा घासावाच लागतो.

बीड जिल्ह्यात टाकी घासून रिकामी ठेवण्याला एक वेगळे महत्त्व आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडी परततात. तोवर पाच-सहा महिने घराला कुलूप. भरलेल्या टाकीतले पाणी तेवढ्या काळात आटत जाते, त्यातला सगळा क्षार भिंतीवर आणि वॉशरवर सुकतो, रबर आखडते, आणि परतल्यावर पहिल्या फ्लशपासून टाकी गळू लागते, तीही ऐन टंचाईत. निघण्यापूर्वी अर्ध्या तासाचे काम हे टाळते. अँगल कॉक बंद करून टाकी पूर्ण रिकामी करावी, पट्टा घासून आतून कोरडी पुसावी, झाकण घट्ट बसवावे. भांड्याच्या वाकातल्या पाण्यावर दोन चमचे गोडे तेल सोडावे. तेलाच्या थराने ते पाणी लवकर आटत नाही आणि खड्ड्यातला वास घरात येत नाही. सेप्टिक टँक असेल तर डास आत जाऊ नयेत म्हणून त्याच्या व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळीचे कापड बांधावे.